न नांगरलेल्या चार पट्ट्या

दोरीकाकांना खऱ्या नावाने हाक मारणारं एकही माणूस त्या प्रयोगाच्या शेतावर नव्हतं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, खुद्द त्यांनाही नाही. पेरणीआधी शेतात दोरी ताणून आखणी करायची, हे त्यांचं काम. तेही अशा थाटात की दोरीचं दुसरं टोक धरलेल्या माणसाला आपल्या हातून काहीतरी गुन्हा घडलाय असं वाटावं. "डावीकडे. अजून. अरे, माझ्या डावीकडे नाही, तुझ्या!" बोटभर चुकलं तरी पुन्हा पहिल्यापासून. "बोटभराने काय होतं काका?" असं नवा मजूर एकदाच विचारायचा. मग काका त्याला उन्हात उभा करून बोटभराने काय होतं ते इतका वेळ सांगायचे की पुढच्या वेळी तो आपणहून वीतभर मागे सरकून उभा राही.

आखणी झाली की ट्रॅक्टर बांधाशी येऊन गुरगुरत थांबायचा. काका सगळ्या खुंट्यांवरून एक फेरी मारायचे, कुठल्या पट्टीत नांगर जायचा आणि कुठल्या पट्टीत नाही हे वहीत बघायचे, पाठ असूनही बघायचे, आणि मग हात वर करून म्हणायचे, "हं, घाल." हे दोन शब्द कानावर आल्याशिवाय नांगराचा फाळ जमिनीला टेकत नसे. असा नियम कुठल्या कागदावर नव्हता. पण एकदा एका घाईतल्या साहेबांनी स्वतःच हाताने खूण केली, तेव्हा ट्रॅक्टरवाल्याने साहेबांकडे न बघता काकांकडे बघितलं होतं. साहेबही काकांकडे बघायला लागले. काका वहीच बघत होते.

या ट्रॅक्टरवाल्याला सगळे होयबा म्हणायचे. भला माणूस, पण नाही हा शब्द त्याच्या तोंडात जन्मापासून नव्हता. ज्याने जे सांगितलं त्याला "होय साहेब". दोघांनी दोन उलट गोष्टी सांगितल्या तर दोघांनाही होय, आणि मग ट्रॅक्टर सुरू ठेवून स्वस्थ बसून राहायचा, ज्याचा आवाज आधी चढेल त्याचं काम आधी.

आता हा प्रयोग काय होता ते सांगायला हवं, कारण दोरीकाकांच्या आयुष्यातून तो वजा केला तर दोन खोल्यांचं घर, एक सायकल आणि गुडघेदुखी एवढंच उरतं. तेवीस वर्षांपूर्वी शेतावरच्या थोरल्या मॅडमनी तो सुरू केला. आठ लांब पट्ट्या. चार पट्ट्या दर हंगामाला नांगरायच्या, चार पट्ट्यांना नांगर कधी म्हणजे कधीच लावायचा नाही, मागल्या पिकाची धाटं तशीच पडू द्यायची आणि काठीने भोक पाडून बी टोकायचं. प्रत्येक पट्टीचे नऊ तुकडे. कशात नुसता मका, कशात नुसता घेवडा, कशात मका आणि घेवडा जोडीने. त्यातही कुणाला पुरा युरिया, कुणाला अर्धा, कुणाला मुळीच नाही. असे बहात्तर तुकडे, आणि कुठल्या तुकड्याच्या नशिबात काय ते एकदा ठरलं की ठरलं, वर्षानुवर्षं तेच.

मॅडमनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना उभं करून दोन गोष्टी सांगितल्या होत्या. "या चार पट्ट्यांना एकदा जरी फाळ लागला, तर मागची सगळी वर्षं गेली समजा. माती बसायला वर्षं लागतात, उसवायला तासभर पुरतो." आणि दुसरी गोष्ट वहीची. वहीत चार रकाने होते. तारीख, पट्टी, काम, आणि काम कोणाच्या सांगण्यावरून केलं. "वहीत खोडायचं नाही," मॅडम म्हणाल्या होत्या. "चूक झाली तर ती दिसू द्या. खाली खरं काय ते लिहा." काकांनी तेवीस वर्षं ती वही लिहिली. शेवटच्या रकान्यात कधी मॅडमचं नाव, मॅडम गेल्यावर ज्या त्या साहेबांचं. स्वतःचं नाव तिथे लिहायचं त्यांच्या मनातही आलं नाही. ते सांगणारे कोण? ते ऐकणारे.

पहिली तीन वर्षं त्या चार पट्ट्यांनी त्यांची अब्रू घालवली. तण माजलं, मका पाचव्या हिश्श्याने कमी भरला. बाहेरून येणारे लोक विचारायचे, "इथे माणसं कमी आहेत का?" काका दात ओठ खाऊन खुरपी उचलायचे. सहाव्या वर्षी कणसं नांगरलेल्या पट्ट्यांच्या बरोबरीला आली. बाराव्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला, तेव्हा नांगरलेल्या मक्याची पानं भर सकाळी वळकटीसारखी गुंडाळायला लागली आणि ह्या चार पट्ट्या हिरव्या उभ्या होत्या. काकांनी त्यातल्या एका पट्टीत लोखंडी सळई खुपसली, ती वीतभर सहज गेली. जुन्या मुळांच्या नळ्या, गांडुळांची बिळं, वर धाटांचं पांघरूण, त्याखाली ओल. त्या दिवशी ते घरी आले आणि बायकोला म्हणाले, "माती जिवंत झाली." काकूंनी विचारलं, "पायही धुतले नाहीत का त्यासाठी?"

घेवड्यावर त्यांचा विशेष जीव. युरिया न दिलेला नुसता मका पाहावा, तर खालची पानं टोकापासून मधल्या शिरेच्या कडेने पिवळी पडत जातात, आणि माणूस उपाशी आहे हे चेहऱ्यावर दिसावं तसं ते दिसतं. शेजारी घेवडा असला की मका तेवढा रडत नाही. अर्ध्या युरियावर घेवड्याच्या जोडीचा मका पुऱ्या युरियावरच्या एकट्या मक्याच्या जवळ जाऊन पोचायचा, आणि वर घेवड्याच्या शेंगा मिळायच्या त्या वेगळ्या. काका रोप उपटून मुळावरच्या गाठी नखाने फोडून दाखवायचे. आत गुलाबी. "हा आपलं आपण कमावतो. मक्याच्या ताटातलं ओढत नाही. आणि मरताना मुळं ठेवून जातो, पुढच्याच्या कामी." मग पुरा युरिया दिलेल्या तुकड्यातला घेवडा उपटायचे. पाला हा थोरला, गाठी मोजक्या आणि फिकट. "आयतं मिळालं की कोण कमावणार?" पण जोडीत घेवड्याला सावली खावी लागते, शेंगा कमी धरतात, हेही ते सांगायचे. हे सांगताना मात्र हसायचे नाहीत.

चार महिन्यांपूर्वी ते निवृत्त झाले. पंचवीस वर्षांचा प्रयोग, दोनच वर्षं उरलेली, हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. वही होयबाच्या हातात देऊन त्यांनी चार वेळा समजावलं. निरोपाला चहा झाला, एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. नवे साहेब महिन्याभरापूर्वीच कोंबड्यांच्या विभागातून बदलून आले होते. ते भाषणात म्हणाले की यांच्यासारखी माणसं संस्थेचा कणा असतात, आणि नाव सांगायच्या जागी एकदा कागदात पाहिलं. काकांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. घरी येऊन दोरीचं रीळ त्यांनी बाहेरच्या खोलीत घड्याळाखाली खिळ्याला अडकवलं.

मग एका शनिवारी पोस्टाने जाड पाकीट आलं. मुख्य कार्यालयातल्या शास्त्रज्ञांनी तेवीस वर्षांच्या आकड्यांचा अहवाल छापला होता. पाकिटावर काकांचं पूर्ण नाव, आडनावासकट. मुलगी सुट्टीसाठी आली होती, शाळेत शिकवते, तिला म्हणाले, "वाच." तिने बाराव्या वर्षाचं पान वाचलं, जोडपिकाचं वाचलं. प्रत्येक आकड्याला काका आधीच उत्तर द्यायचे. "हां, ते वर्ष पक्ष्यांनी खाल्लं होतं. लिहिलंय का? लिहिलंय? शाबास." काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या. संसारात पहिल्यांदाच नवऱ्याचं काम काय होतं ते त्यांना कुणी नीट सांगत होतं.

"आता आभाराचं पान वाच," काका म्हणाले, आणि टेबलावरचा चष्मा उगाचच पुसायला घेतला.

मुलीने वाचलं. थोरल्या मॅडमच्या स्मृतीस वंदन. हवामान केंद्राचे आभार. माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेचे. आकडे संगणकावर भरणाऱ्या दोन बायकांचे, नावानिशी. फोटो काढणाऱ्याचे, नावानिशी. मग ती थांबली.

"पुढे?"

"पुढे… 'व इतर शेतकर्मचारी.'"

"आणि?"

"संपलं, बाबा."

काकांनी चष्मा लावला, पान स्वतः बघितलं, उलटून मागे बघितलं. मागे कोरं होतं. "पाकिटावर बरं नाव आठवलं," ते म्हणाले. "पोस्टमनला लागतं ना." मुलगी समजूत घालायला लागली की अशा यादीत सगळ्यांची नावं नसतात. "सगळ्यांची कोण मागतंय?" असं म्हणून ते न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून बराच वेळ उभे राहिले. वाईट वाटलं, साधं सरळ वाईट वाटलं. मक्याचं कौतुक झालं, घेवडा गेला 'व इतर'मध्ये. हे त्यांनी काकूंना बोलून दाखवलं, तेव्हा काकू म्हणाल्या, "अहो, तेवीस वर्षं तुम्हीच म्हणत होता की घेवड्याला कुठे काय मागायचं असतं. मग आता तुम्ही का मागताय?"

मग काका दोन आठवडे रुसले. कुणावर ते कळायला मार्ग नव्हता, कारण ज्यांच्यावर रुसायचं ते मुख्य कार्यालयात, आणि त्यांना काका रुसलेत हे कळवायला कुणी नव्हतं. राग घरातच फिरत राहिला. चहा पांचट, घड्याळ पुढे, शेजाऱ्याची मोटारसायकल मोठ्याने.

अशात सोमवारी सकाळी होयबाचा फोन आला. काका स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाचा वायसर बदलत होते. एका हातात पाना, खांद्यात फोन.

"काका, बरं आहे ना? एक विचारायचं होतं. परवा पाहुणे येतायत मोठे. साहेब म्हणतायत रस्त्याकडून शेत गबाळं दिसतंय. त्या धाटं पडलेल्या पट्ट्या आहेत ना, आपल्या चार, त्या नांगरून साफ करा म्हणतायत. अहवाल छापला म्हणजे प्रयोग संपला असं म्हणतायत. काय करू?"

काकांच्या कानात यातला एकच शब्द शिरला. अहवाल.

"मला काय विचारतोस?"

"मग कुणाला विचारू काका?"

"ज्यांची नावं छापलीत त्यांना विचार! फोटो काढणाऱ्याला विचार! मी कोण? मी 'व इतर'! तुमचं शेत, तुमचा प्रयोग, तुमचे पाहुणे. नांगर! सगळं नांगर एकदाचं, म्हणजे मीही सुटलो आणि तेही सुटले!"

पलीकडे ट्रॅक्टर गुरगुरत होता. होयबाने हळूच विचारलं, "म्हणजे… लावू नांगर?"

काकू भाजी चिरता चिरता थांबल्या होत्या. काकांना ते दिसलं. तिथे गप्प बसता आलं असतं. "थांब, मी येतो" म्हणता आलं असतं, सायकलने वीस मिनिटांची वाट. पण जीभ एकदा तिखट झाली की तिला गोड गिळवत नाही.

"हं, घाल," काका म्हणाले आणि फोन ठेवला.

नंतरचा तासभर त्यांना फार बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. वायसर नीट बसला, नळ गळायचा थांबला. "कळू दे," असं ते दोनदा म्हणाले. काकू म्हणाल्या, "अहो, त्याने खरंच नांगर घातला तर?"

"तेवढी अक्कल आहे त्याला. मी रागाने बोललो हे लहान मूलही ओळखेल."

"त्याला होयबा म्हणतात ना?"

"म्हणून काय झालं!"

"फोन करा परत. एवढं सांगा की नको घालू."

काकांचा हात फोनकडे गेला. पण फोन करायचा म्हणजे पुन्हा तेच, मागायला जायचं. उद्या सगळे म्हणणार, निवृत्त झाला तरी म्हातारा शेत सोडत नाही. "त्याला गरज असेल तर करेल तो," ते म्हणाले, आणि दुपारी जेवून आडवे झाले. झोप लागली नाही. फोन आला नाही. संध्याकाळी त्यांनी स्वतःच, कुणी विचारलं नसताना, सांगितलं, "नसेलच घातला."

मंगळवारी सकाळी ते सायकल काढून निघाले. काकूंना सांगितलं, हवा भरून येतो.

प्रयोगाचं शेत रस्त्याच्या वळणावरून दिसतं. काकांना वळण येण्याआधीच ते कळलं, कारण नुकत्याच उलटलेल्या मातीचा वास वाऱ्यावर येत होता. हा वास लोकांना आवडतो. काकांनी सायकलवरून उतरून ती झाडाला टेकवली आणि उरलेली वाट चालत गेले.

आठच्या आठ पट्ट्या सारख्या झाल्या होत्या. काळी, ओली, नीट पाडलेली तासं, होयबाचा हात चांगलाच होता. धाटं मातीखाली गेली होती, कुठे कुठे एखादं टोक वर. ज्या पट्टीत बाराव्या वर्षी सळई गेली होती तिथे काका गुडघ्यावर बसले. गुडघा दुखला. एक ढेकूळ उचलून फोडलं. आत जुन्या मुळांच्या नळ्या अर्ध्यात तुटलेल्या होत्या, आणि फाळाने दोन झालेलं गांडूळ उन्हात वळवळत होतं. त्यांनी त्याच्यावर माती लोटली. काय उपयोग होता ते त्यांनाही माहीत नव्हतं.

होयबा शेडमधून धावत आला. चेहरा असा, जसं शाबासकी घ्यायला आलाय.

"काका, तुम्हाला सांगायचंच राहिलं. साहेबांना मी नाही म्हटलं!"

काकांनी वर पाहिलं.

"आयुष्यात पहिल्यांदा. ते म्हणाले लगेच नांगर लाव. मी म्हटलं नाही साहेब, दोरीकाकांनी सांगितल्याशिवाय ह्या चार पट्ट्यांत फाळ जाणार नाही. लाल झाले नुसते! मेमो देईन म्हणाले. म्हटलं द्या. म्हणाले, तो माणूस तर निवृत्त झाला. म्हटलं, शेतातून नाही झाला." होयबाला स्वतःच्या धाडसाचं अजून नवल वाटत होतं. "मग तुम्हाला फोन केला."

"मी रागावलो होतो रे," काका म्हणाले. "तुला कळलं नाही?"

"कळलं की. पण मग तुम्ही 'हं, घाल' म्हणालात." होयबाचा चेहरा हळूहळू उतरायला लागला. "तुम्ही रागात कधी ते म्हणत नाही काका. तेवीस वर्षांत एकदाही नाही. मला वाटलं, काकांनी विचार केला असणार."

काकांना त्याला शिव्या द्यायच्या होत्या. फार द्यायच्या होत्या. पण कशाबद्दल द्यायच्या?

साहेब ऑफिसच्या पायरीवरून आले. वाईट माणूस नव्हते ते, कोंबड्यांचे होते. "या या! बघा, किती स्वच्छ दिसतंय. पाहुण्यांपुढे मान खाली घालायला नको."

"पाहुणे कशाला येतायत साहेब?"

"तुमचा तो अहवाल वाचून. पाहणीला." खिशातून पत्र काढून त्यांनी वाचलं, आणि वाचता वाचता त्यांचा वेग मंदावला. "'…तेवीस वर्षं न नांगरलेली जमीन प्रत्यक्ष पाहण्याची…'" त्यांनी पत्राची घडी घातली. शेताकडे पाहिलं, मग काकांकडे. "फोटो आहेत ना पण अहवालात. चांगले आलेत. आणि त्यात काय एवढं, पुढच्या हंगामापासून पुन्हा नांगरू नका. प्रयोग चालू."

"होय साहेब," होयबा म्हणाला. सवयीने.

काकांनी हिशोब केला नाही, तो आपोआप झाला. ते बासष्ट वर्षांचे होते. अधिक तेवीस.

"वही आण," ते होयबाला म्हणाले.

शेडमध्ये लाकडी खोक्यावर बसून त्यांनी वही उघडली. आधीची पानं त्यांच्या बारीक अक्षरात, शेवटच्या रकान्यात मॅडम, मॅडम, मॅडम, मग साहेब, साहेब. आणि सगळ्यात खाली होयबाचं ठोकळेबाज अक्षर. कालची तारीख. पट्टी दोन, तीन, पाच, आठ. काम, नांगरणी. आणि चौथ्या रकान्यात, जागा पुरणार नाही म्हणून लहान लहान करत, त्यांचं संपूर्ण नाव, आडनावासकट.

"पूर्ण नाव कुठून मिळालं तुला?"

"ऑफिसात विचारून आलो," होयबा म्हणाला. "म्हटलं, वहीत जायचं आहे. दोरीकाका असं कसं लिहायचं?"

काकांनी खिशातून पेन काढून टोपण उघडलं. खोडायचं नाही. चूक असेल तर खाली खरं काय ते लिहायचं. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. खाली लिहायला काही सापडलं नाही, वर लिहिलं होतं ते खरंच होतं. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि वही होयबाच्या हातात परत दिली.